हामहुंगवालीचा कोबी

कोबीला मीठ लावायच्या आधी ओक-बुनआजी भरतीची वेळ विचारते. कोबी असतो न्हाणीघरातल्या टबात, घर असतं इमारतीच्या नवव्या मजल्यावर, आणि समुद्र खाली रस्त्यापलीकडे आपल्या जागी निमूट पडलेला. तरी ती विचारते.

"आई, टबात कुठली भरती येणार आहे?" धाकटी सून दरवर्षी म्हणते. सून सोलची. सोलच्या माणसांना समुद्र म्हणजे फोटो काढायची जागा वाटते.

"तोंड कमी चालव आणि त्या फोनमध्ये बघून सांग. विचारल्यानं जीभ झिजत नाही. न विचारल्यानं काय होतं ते मी पाहिलंय."

समोर लसूण सोलत बसलेली पिल-नाम खिदळायला लागते. पिल-नामच्या तोंडात आता मोजके दात राहिलेत, पण हसायला दात लागत नाहीत.

"हिला सांग ना ती गोष्ट," पिल-नाम म्हणते.

"हिला पाठ आहे."

"मग मला सांग. माझी आई होती त्यात."

तेव्हा ओक-बुन आणि पिल-नाम दोघी नऊ वर्षांच्या होत्या. उत्तर-दक्षिणेची लढाई थांबून तीनेक वर्षं झाली होती. यंगदो बेटाच्या टेकडीवर फळ्या, पत्रे आणि डांबरी कागद ठोकून उभी केलेली घरं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली असायची. एका घरात कुणी शिंकलं की चौथ्या घरातून शिव्या यायच्या. हल्लीची माणसं टीव्हीवर त्या दिवसांची चित्रं बघतात आणि 'अरेरे, काय ते हाल' म्हणून डोळे पुसतात. पुसोत बापडी. ओक-बुनला विचाराल तर त्या गल्लीत जेवढी ऐट होती तेवढी या नवव्या मजल्यावर नाही. एक नळ होता आणि त्याच्यापुढे डब्यांची रांग. माणसांना रांगेत उभं राहावं लागत नसे, डबे उभे राहत. माणसं बाजूला बसून जगाचा न्याय करत. अंगणं नव्हती, म्हणून अख्खी टेकडी अंगण होती. खेळणी नव्हती, म्हणून सागरगोटे होते, आणि ओक-बुनकडे तर समुद्रानं घासून गुळगुळीत केलेला पांढराशुभ्र खडा होता. तसा खडा साऱ्या बेटावर दुसरा नव्हता.

आणि आयांच्या हातोड्या होत्या. गल्लीतल्या निम्म्या बायका खाली गोदीत कामाला जायच्या. दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या पोटाशी दोरांनी फळी टांगलेली असे. फळीवर दोघी-दोघी बसून जहाजाला चिकटलेली कालवं आणि गंज हातोडीनं ठोकून काढायच्या. दिवसभर खाडीत खणखणाट चालायचा. नवख्याचं डोकं उठे. पोरांना मात्र त्यातून आपापली आई ऐकू यायची. पिल-नामच्या आईची हातोडी एका दमात चारदा पडे आणि मग शिवी द्यायला थांबे. ओक-बुनची आई थांबतच नसे.

ओक-बुनची आई उत्तरेतल्या हामहुंगची, म्हणून तिला सगळे हामहुंगवाली म्हणत. लढाईच्या कडाक्यात, माणसांनी खचाखच भरलेल्या जहाजातून, ओक-बुनला पाठीशी बांधून ती उत्तरेहून आली होती. सोबत नवरा, एक तवा आणि मोडेल पण वाकणार नाही असा कणा. पिल-नामची आई गिजांगवाली, इथलीच, पलीकडच्या कोळीवाड्यातली. वयानं मोठी, देहानं आडवी. गल्लीत कुणाचा डबा नळाखाली आधी लागायचा हे तीच ठरवायची, आणि कुणाच्या घरची किमची, म्हणजे कोबीचं तिखट आंबवलेलं लोणचं, कोणत्या दिवशी घालायची हेही तीच.

कारण हिवाळ्याची किमची एकटीनं घालायची गोष्टच नव्हे. आज हिच्या दारात, उद्या तिच्या दारात, सगळ्या बायका गोल बसायच्या. कोपरापर्यंत लाल झालेले हात, मधे मसाल्याची परात, आणि जिभा हातांपेक्षा तिखट. काम संपता संपता गिजांगवाली कोवळं पान निवडायची, त्यात मसाला गुंडाळायची आणि प्रत्येक पोराला म्हणायची, "आ कर." पान पोराच्या तोंडात जायचं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि वर पाठीत एक धपाटा.

त्या गोलात हामहुंगवाली कधी बसली नव्हती. पहिल्याच वर्षी दोघींची किमचीत मासा घालण्यावरून जुंपली. उत्तरेकडे किमचीत मिंगताय माशाचे तुकडे घालतात. गिजांगवाली म्हणाली, "किमची घालतेस का प्रेत पुरतेस?" हामहुंगवाली म्हणाली, "तुमच्या कुजवलेल्या मांदेलीच्या पाण्यापेक्षा प्रेत बरं." झालं. तेव्हापासून गल्लीत किमची निघाली की ओक-बुनच्या घराचं दार बंद व्हायचं आणि आई आत एकटीच आपलं एवढंसं मडकं भरायची. ओक-बुन फळीच्या फटीला डोळा लावून बाहेरचा गोल बघायची. तिला बाकी काही नको होतं. गिजांगवालीच्या हातचं ते पान हवं होतं, धपाट्यासकट.

त्या वर्षी उन्हाळ्यात मुकादमानं हामहुंगवाली आणि गिजांगवाली यांना एकाच फळीवर बसवलं. फळीवरच्या दोघींचं पटो न पटो, एकीनं कूस बदलली की दुसरीला सावरावंच लागतं. सुरुवातीला दोघी मुक्यानं ठोकत. मग हळूहळू एकमेकींना शिव्या देऊ लागल्या. म्हणजे मैत्री झाली. थंडी पडायला लागल्यावर एक दिवस गिजांगवाली म्हणाली, "यंदा तुझा कोबी आमच्यात टाक. दार लावून सुतक पाळल्यासारखी काय बसतेस?"

"मी मासा घालणार."

"घातलास तर रांजणासकट समुद्रात बुडवीन."

"मग राहू द्या."

दोन दिवस नुसत्या हातोड्या बोलल्या. तिसऱ्या दिवशी हामहुंगवालीनं जहाजाकडेच बघत म्हटलं, "मासा नको तर नको. पण मला फुकटात गोलात बसायचं नाही. काहीतरी काम द्या."

"मीठ सोन्याच्या भावात गेलंय. साऱ्या गल्लीचा कोबी समुद्रात भिजवायचाय. ते कर. उद्या पहाटे. मी आधी मिरच्या आणायला बाजारात जाऊन मग कामावर येईन." गिजांगवालीनं हातोडीनं पाण्याकडे दाखवलं. "दोर मात्र नीट बांध. उंचावर..."

"काकू," हामहुंगवाली म्हणाली, "मी समुद्राच्या काठावर जन्मले. बाळंतपण समुद्राच्या आवाजात झालं माझं. समुद्र मला शिकवू नका."

गिजांगवाली पुन्हा गंज ठोकायला लागली. आयुष्यात तिनं जी थोडकी भांडणं अर्ध्यावर सोडली, त्यातलं हे एक.

घरी येऊन आईनं सांगितलं तेव्हा ओक-बुनला जेवण जाईना. "मलाही पान मिळेल?"

"आधी काम नीट होऊ दे," आई म्हणाली. पण त्या रात्री तवा घासताना ती गुणगुणत होती. आईला गुणगुणताना ओक-बुननं पहिल्यांदा ऐकलं.

पहाटे पाणी खूप खाली गेलं होतं. आईनं आणि बाबांनी पेंढ्याच्या दोरीच्या जाळ्यांमध्ये दुभंगलेले गड्डे भरले, जाळ्यांतून दोर ओवून ते खडकाच्या खालच्या सुळक्यांना घट्ट आवळले, वर धोंडे ठेवले. गड्डे पाण्यात बुडून छान बसले. बाबा पाठीवर ओझं वाहायची लाकडी घोडी घेऊन मासळीबाजारात हमालीला गेले. आईनं कमरेवर हात ठेवून कामाकडे एकदा पाहिलं, जसं न्हात असलेल्या लेकराकडे बघावं.

"शाळा दुपारची आहे ना? तोवर इथं बस. कुत्री, पोरं आणि समुद्रपक्षी, तिघांनाही दगड मारायचा. आणि जागची हलू नकोस."

पिल-नामही येऊन बसली. सागरगोटे सुरू झाले. ऊन वर आलं. गोदीतला खणखणाट सुरू झाला; ओक-बुनला त्यात आईची हातोडी ऐकू आली, न थांबणारी, आज जरा जास्तच नाचरी. ओक-बुन डाव जिंकत होती.

"पाणी चढतंय," पिल-नाम म्हणाली.

"तुझा डाव आहे. खेळ."

"अगं, तो काळा खडक मघाशी उघडा होता."

"हरायला लागलीस की तुला खडक दिसतात."

"भरती आहे, भरती! तुझ्या आईनं इतकं खाली का बांधलं?"

ओक-बुनच्या नाकपुड्या फुलल्या. आईवर कुणी बोललेलं तिला चालत नसे, आणि आईनंच तिला सांगितलं होतं की समुद्र जिथं असतो तिथंच असतो. बेटावर राहूनही तिनं समुद्राकडे नीट पाहिलं कुठं होतं? तिचे दिवस नळाच्या रांगेत आणि टेकडीवर जायचे. "माझी आई समुद्रावर जन्मलीय. समुद्र चढत नाही."

"पैज?"

"पैज! हा पांढरा खडा लावते."

पैज लागते न लागते तोच पहिल्या जाळीवरचा धोंडा गडगडत खाली गेला. कोबी तरंगतो, हे आईला ठाऊक होतं. समुद्र पुरुषाच्या कमरेइतका वर येतो, हे ठाऊक नव्हतं. पाण्यानं जाळी खालून उचलली. सुळक्याला आवळलेला दोर ताणला गेला, ओला पेंढा कुरकुरला आणि तट्‌कन तुटला. मग दुसरा. मग सगळेच. जाळ्यांची तोंडं उघडली आणि साऱ्या गल्लीचा हिवाळा, हिरवा-पांढरा, डुलत डुलत खाडीत निघाला. वाऱ्याची दिशा गोदीकडे होती.

"खडा दे," पिल-नाम म्हणाली.

ओक-बुननं तो तिच्या हातावर आपटला आणि किनाऱ्यानं गोदीकडे धूम ठोकली. रबरी जोड्यांतला एक वाटेत निघाला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

गोदीत काय झालं ते आधी कानांना कळलं. टोकाच्या फळीवरची एक हातोडी थांबली. मग तिच्या शेजारची. मग पुढच्या जहाजाची. एकेक करून खाडी गप्प होत गेली. शेवटी एकच हातोडी राहिली, न थांबणारी. मग तीही थांबली.

"हे कुणाचे गं गड्डे?" कुणीतरी वरून ओरडलं. "केवढे देखणे!"

"हामहुंगवाले!" गिजांगवालीचा आवाज खाडीभर फुटला. "आपला कोबी कुठं निघालाय? जपानला?"

ओक-बुन धापा टाकत धक्क्यावर पोहोचली तेव्हा आई फळीवरून दोराला लोंबकळून खाली उतरलेली होती. धक्क्याला जहाजं रंगवणाऱ्यांची एक होडी बांधली होती. आईनं तिचा दोर सोडला, ओक-बुनला बखोटीला धरून आत टाकलं आणि वल्हं उचललं. होडी हलते न हलते तोच गिजांगवालीनं वरून आपला आडवा देह त्यात सोडला. पाण्याची पातळी वाढली असेल तर तिनंच.

"ए, होडी कुणाला विचारून नेता?" मुकादम ओरडला.

"तुझ्या बायकोला!" गिजांगवाली ओरडली. "तिचाही कोबी आहे त्यात!"

मुकादम बांबूची आकडी शोधायला पळाला.

खाडीत त्या दिवशी जे झालं ते बेटावर अजून सांगतात, आणि सांगणारा प्रत्येक जण गड्डे वाढवून सांगतो. आई वल्हवत होती. गिजांगवाली गंज काढायच्या हातोडीचं चोच असलेलं टोक गड्ड्यात खुपसून त्यांना वर खेचत होती. ओक-बुन ते कुशीत घेऊन होडीच्या तळाशी रचत होती. ती गळ्यापर्यंत भिजली होती आणि रडायला तिला सवड नव्हती.

"डावीकडे! डावीकडे घे! तुला वल्हवता तरी येतं का?"

"तुम्ही बसलात त्या बाजूला होडी वळणारच नाही!"

"बोल, बोल! समुद्रावर जन्मली म्हणे! अगं बये, पाळण्यातल्या पोरालाही भरती कळते!"

आईनं वल्हं थांबवलं. तिचे ओठ थंडीनं निळे पडले होते. "आमच्याकडे नाही कळत," ती म्हणाली. "आमच्याकडे समुद्र चढत नाही, काकू. उतरतही नाही. जरा वीतभर हलला तर हलला. काठावर काही ठेवलं की ते तिथंच सापडतं. मी आईबरोबर असाच कोबी बांधायचे. तस्साच."

गिजांगवालीची हातोडी हवेत राहिली. ओक-बुनला वाटलं, आता गेलं सगळं. पान गेलं, गोल गेला, दार पुन्हा बंद.

गिजांगवालीनं आईकडे टक लावून पाहिलं. मग तिच्या पोटात कुठंतरी गडगडलं आणि तो गडगडाट तोंडातून हसू होऊन बाहेर पडला. होडी डुचमळली.

"तुमचा समुद्रसुद्धा तुमच्यासारखाच! जागचा हलायचा नाही!"

"हसा," आई म्हणाली. "साऱ्या गल्लीला हसवा. मी घालवलं ना सगळं."

"आधी वल्हव. घालवलंस का नाही ते संध्याकाळी बघू. तो बघ, तो मोठा, पळतोय!"

तोवर फेरीवाले, रंगवणारे, मुकादम, सगळेच आकड्या, टोपल्या, टोप्या घेऊन पाण्यावर वाकले होते. तरी सगळं हाती आलं नाही. जहाजांच्या बुडाशी तेलाचा तवंग होता. त्यात शिरलेले गड्डे काळे झाले ते झालेच. काही खरोखरच जपानला गेले असतील. त्या दुपारी ओक-बुन शाळेत गेली नाही.

संध्याकाळी गिजांगवालीच्या दारात ढीग पडला. सगळ्यांचे रांजण त्यातून अर्धेमुर्धे भरले असते. बायका गोल उभ्या राहिल्या. "तरी मी म्हणत होते," टिनवाल्याची बायको पुटपुटली, "बाहेरच्या माणसावर..."

हामहुंगवाली पुढे झाली. कपडे अजून ओले, पण कणा जिथल्या तिथं. "माझ्या घरचा वाटा काढू नका," ती म्हणाली. "आहे तो तुम्ही घ्या. चूक माझी, उपास माझा." आणि ओक-बुनचा हात धरून ती वळली.

ओक-बुननं जमिनीला पाय रोवले. आईच्या मर्जीविरुद्ध तिनं असं कधी केलं नव्हतं. ती हललीच नाही. आईचंच हाड होतं ते.

"कुठं निघालीस?" गिजांगवालीनं विचारलं.

"घरी."

"आणि हे अर्धे रांजण कशानं भरू? तुझ्या मानापमानानं?" गिजांगवाली बायकांकडे वळली. "गड्डे पाण्यात गेले तेव्हा तुमच्यातली कोण दोराला लोंबकळून उतरली होती? हात वर करा, बघू." टिनवाल्याच्या बायकोला एकदम बाह्या सावरायची आठवण झाली. "मग तोंडं मिटा आणि मुळे किसा, मुळे तरी आहेत. आणि हामहुंगवाले, तुझा तो मासा. कुठं मिळतो?"

आईनं ओक-बुनचा हात सोडला.

"मिंगताय," ओक-बुनच ओरडली. "बाबा रोज त्याच्याच पेट्या वाहतात!"

दुसऱ्या दिवशी बाबा घोडीवर माशांची पेटी घेऊन टेकडी चढून आले. पेटीतले मासे डोकं चेपलेले, शेपट्या तुटलेले, बाजारात न खपणारे होते, पण किमचीत कुणी शेपटी बघत नाही. आईनं मध्ये बसून ते कापले, मिरचीत लोळवले, मुळ्याबरोबर पानांच्या थरांत भरले. गिजांगवाली नाक मुरडून बघत होती आणि मांदेलीचं पाणी ओतत होती. "घाल, घाल. दोन्ही घाल. जे व्हायचं ते होऊ दे." रांजण काठोकाठ भरले.

हात धुवायच्या आधी गिजांगवालीनं एक कोवळं पान निवडलं. मसाला भरला, वर माशाचा एक तुकडा ठेवला, गुंडाळलं. पोरांनी तोंडं उघडली. तिनं सगळ्यांना ओलांडून हात पुढे केला.

"हामहुंगवाले, आ कर."

"मी काय लहान आहे?"

"समुद्राच्या बाबतीत आहेस. आ कर."

आईनं तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीच तेवढी कडक होती, असं आई मरेपर्यंत सांगत राहिली. मग पिल-नामची पाळी, मग ओक-बुनची. पान तोंडात गेलं आणि पाठीत असा धपाटा बसला की ती बाबांच्या अंगावर जाऊन पडली.

"पुढच्या वर्षी दोर मी बांधणार," गिजांगवाली रांजणावर झाकण ठेवत म्हणाली. "तू फक्त मासा आण."

ऐन हिवाळ्यात रांजण उघडले तेव्हा गल्लीत पहिल्या वर्षी ज्या माशाला प्रेत म्हटलं होतं, त्याच्या तुकड्यासाठी पोरांच्यात मारामाऱ्या झाल्या. टिनवाल्याच्या बायकोनं दोन वेळा वाडगा पाठवला. हामहुंगवालीनं दोन्ही वेळा भरून दिला, आणि दोन्ही वेळा टोमणा मारून.

"दुपारी भरती आहे, आई," सून फोनमध्ये बघून सांगते. "मग काय, टब वर उचलायचा?"

"काही नको. कळलं, पुरे." ओक-बुनआजी मूठभर जाड मीठ कोबीवर फेकते. मग पिल-नामकडे वळते. "खडा आणलास?"

"कुठला खडा?"

"दरवर्षी विचारते, दरवर्षी कुठला खडा!"

"पैज जिंकले मी. समुद्र चढला होता."

"माझ्या आईच्या गावचा नसता चढला!"

"मग तिथं जाऊन खेळायचं होतंस," पिल-नाम म्हणते आणि लसणाच्या पाकळ्या परातीत ओतते. ओक-बुनआजी कोबीचा गड्डा उलगडते, आतलं सगळ्यात कोवळं पान खुडते, वाडग्यात आधीच कालवून ठेवलेल्या मसाल्यात बुडवून मिंगतायच्या तुकड्याभोवती गुंडाळते.

"आ कर, चोरटे," ती म्हणते.

पिल-नाम तोंड उघडते. मग सून. धपाटा दोघींनाही बसतो.